हुंडणावळ : घरी धाडलेला पैसा आणि रुपयाचा भाव

१/
माण. साताऱ्याचा दुष्काळी माण तालुका नव्हे; पुण्याच्या मुळशी तालुक्यातले, हिंजवडीला खेटून असलेले माण. भातखाचरांच्या या गावात आयटी पार्कचा तिसरा टप्पा उभा राहिला आणि पुण्याच्या तिसऱ्या मेट्रो मार्गाचे टोकही येथेच आहे. काचेच्या इमारतीत बसलेल्या तरुणाचा पगार रुपयांत होतो, पण त्याच्या कंपनीची कमाई बहुतांशी डॉलरांत असते.

आता माणहून घोटावडे, पौड करीत ताम्हिणी घाट उतरा. माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन. येथील कित्येक घरांच्या चुली दोन पिढ्या दुबई, कुवेत आणि कतारच्या पैशावर पेटत आल्या आहेत.

घाटावरचे गाव आणि घाटाखालची गावे एकमेकांना क्वचितच ओळखतात. मात्र बाजारात ती शेजारी-शेजारी दुकान मांडून बसली आहेत. दोघेही डॉलर विकतात आणि रुपये घेतात. एकाच मालाचे विक्रेते वाढले की तो माल स्वस्त होतो. आजचा धागा या स्वस्ताईच्या इतिहासाचा.

२/
आधी एक शब्द. आज आपण ‘विनिमय दर’ म्हणतो. शंभर वर्षांपूर्वीच्या मराठी वृत्तपत्रांत त्याच अर्थी ‘हुंडणावळ’ लिहीत. शब्द हुंडीवरून आला. उज्जैन वा काशीकडचा पैसा पुण्यास आणायचा तर रोकड घेऊन जंगलवाटा तुडविण्यापेक्षा सावकाराची हुंडी घ्यायची, आणि त्या सोयीचे जे मोल पडे ती हुंडणावळ.

शिवाय बट्टा वेगळा. पेशवाईत रुपया एक नव्हता. अंकुशी, चांदवडी, शिक्का असे अनेक रुपये एकाच वेळी फिरत होते, चिंचवडलाही टांकसाळ होती, आणि एका रुपयाचा दुसरा करताना सराफ बट्टा कापून घेई. म्हणजे मुलूखगिरीवर गेलेल्या शिलेदाराने घरी धाडलेला पैसा वाटेत किती झिजतो, हा प्रश्न या मुलखाला नवा नाही.

३/
यंत्रणा अशी. परदेशातल्या माणसाने पैसे पाठविले की तो परकीय चलन देतो व रुपये मागतो. रुपयाची मागणी वाढली की त्याचा भाव चढतो. पाठवणी आटली की उतरतो.

उलट दिशेनेही हा रेटा चालतो. भाव उतरला की परदेशी कमाईचे घरी जास्त रुपये होतात, म्हणून माणसे पाठवणीची वेळ भाव पाहून ठरवितात. कारण आणि परिणाम येथे एकमेकांचे हात धरून चालतात. सरकारने दर बांधून ठेवला, तर पैसा सरकारी दरवाजा सोडून मागच्या दाराने येतो. हे तिन्ही प्रकार आपल्याकडे घडले आहेत.

४/
पहिला अंक उलटा आहे. त्यात पैसा येथून बाहेर जात होता.

१८७० नंतर जर्मनीसह युरोपातील देशांनी चांदीचे चलन सोडून सोन्याची कास धरली. चांदी घसरली आणि आपला चांदीचा रुपया तिच्यासोबत घसरला. दोन शिलिंगांच्या आसपास असलेला रुपया १८९२-९३ पर्यंत सुमारे १ शिलिंग ३ पेन्सवर आला. पुण्याच्या छावणीतला इंग्रज अधिकारी विलायतेतील कुटुंबाला १००० रुपये धाडी, त्याचे पूर्वी १०० पौंड होत. आता साडेबासष्ट.

आखाती नोकरदाराची जी चिंता, नेमकी तीच. फक्त नोकरीचा देश आपला आणि घर त्याचे.

५/
या चिंतेवर सरकारने काढलेला तोडगा वाचण्यासारखा आहे. १८९३ मध्ये युरोपीय अधिकाऱ्यांना ‘विनिमय भरपाई भत्ता’ मंजूर झाला. निम्म्या पगारापुरती, वर्षाला १००० पौंडांच्या मर्यादेत, रक्कम त्यांनी १ शिलिंग ६ पेन्स या मानीव दराने पाठविली असे धरायचे. बाजारातील दर त्याहून जेवढा कमी, तेवढी तूट हिंदुस्थानच्या तिजोरीने भरायची. आपल्या उदाहरणातील १००० रुपयांचे मग साडेबासष्टऐवजी ७५ पौंड होत.

ती तिजोरी कोणाच्या साऱ्यावर भरत होती, हे सांगायला नको. १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे साक्षीला गेलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या टीकेच्या विषयांत हा भत्ता होता. दादाभाई नौरोजी ज्याला संपत्तीचा ओघ म्हणत होते, त्याचा हा अगदी लहान, पण उघड्या डोळ्यांना दिसणारा झरा.

६/
याच वर्षी, २६ जून १८९३ रोजी, सरकारने टांकसाळी जनतेच्या चांदीसाठी बंद केल्या. तोवर कोणीही चांदी आणून तिचे रुपये पाडून घेऊ शके. आता रुपये मोजकेच निघणार. टंचाईने रुपयाचा भाव चढविण्याचा हा बेत होता, आणि १८९८ पर्यंत रुपया १ शिलिंग ४ पेन्सवर आणून टेकविण्यात तो सफल झाला.

किंमत कोणी मोजली? दख्खनच्या कुणब्याची बचत घरातील बायकांच्या अंगावर, वाळ्या-तोड्यांत असे. टांकसाळीचे दार बंद होताच चांदी ही केवळ चांदी उरली. तिचा रुपया होईना. सारा मात्र महागलेल्या रुपयांतच भरायचा होता. विनिमय दरावरील कोरड्या चर्चेत हे तोडे दिसत नाहीत.

७/
हा प्रश्न ज्याने आरपार पाहिला तो मंडणगड तालुक्यातील आंबडव्याच्या घराण्यातला. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ १९२३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. पुढे हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली. वाद होता १ शिलिंग ४ पेन्स की ६ पेन्स. मुंबईच्या गिरणीमालकांना स्वस्त रुपया, म्हणजे ४ पेन्स हवे होते.

आंबेडकरांचे म्हणणे असे की, उतरत्या रुपयाने निर्यातदाराला होणारा फायदा आकाशातून पडत नाही. भाव वाढतात, मजुरी मागे रेंगाळते, आणि मजुराच्या ताटातून निघालेला घास मालकाच्या नफ्यात जमा होतो. १९२७ मध्ये दर १ शिलिंग ६ पेन्स ठरला. वाद मिटला नाही, पण ‘रुपया पडला तर कोणाचे भले?’ हा त्यांचा प्रश्न सोबत ठेवा. पुढे लागेल.

८/
ज्या रत्नागिरी जिल्ह्यातून हे घराणे आले, तो तर मनीऑर्डरीचा मुलूख. १८८० मध्ये टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केली. त्यानंतर गिरणगावातला चाकरमानी महिन्याच्या महिन्याला पैसे धाडी आणि पोस्टमन ते दारात मोजून देई. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला, मनीऑर्डरी आटल्या, आणि मुंबईचा संप कोकणातल्या वाण्याच्या उधारीच्या वहीत उतरला.

यात विनिमय दर कुठे आहे? कुठेच नाही, आणि तेच पाहण्यासारखे आहे. मुंबई आणि खेड यांचा रुपया एकच. पैसा आला म्हणून खेडचा रुपया चढणार नाही, आटला म्हणून पडणार नाही. सगळा ताण जमिनीच्या भावावर, मजुरीवर, आणि पुढचा मुलगा कधी मुंबईला जाणार यावर येतो. चलन वेगळे असेल तर त्यातला काही भाग विनिमय दर झेलतो. मुंबईऐवजी मस्कत आले आणि कोकणचा खेळ बदलला.

९/
पण थांबा. आखाताचा पैसा कोकणात येण्यापूर्वी आपला रुपया आखातात होता!

कुवेत, बहारीन, कतार, आजची अमिराती, ओमान येथे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हिंदी रुपया हेच रोजचे चलन होते. दुबईच्या बाजारात मोती रुपयांत विकला जाई. स्वातंत्र्यानंतरही हा क्रम चालू राहिला, आणि त्यातून एक भोक पडले.

१०/
भोक असे. भारतात सोन्याची आयात बंद. त्यामुळे येथे सोने बाहेरच्यापेक्षा महाग. दुबईहून गलबतांतून सोने पश्चिम किनाऱ्यावर चोरून उतरे आणि त्याचा मोबदला म्हणून रुपयाच्या नोटा दुबईला जात. तेथील बँका त्या नोटा रिझर्व्ह बँकेकडे परत पाठवीत आणि नियमाप्रमाणे पौंड मागत. म्हणजे चोरीच्या सोन्याचे बिल अखेर भारताच्या परकीय गंगाजळीतून चुकते होई.

१९५९ मध्ये कायदा बदलून आखातापुरत्या वेगळ्या नोटा काढण्यात आल्या. रंग वेगळा, क्रमांकाआधी इंग्रजी ‘झेड’ अक्षर. संग्राहकांच्या बाजारात आज या ‘गल्फ रुपी’ला मोठी किंमत येते.

११/
कुवेतने १९६१ मध्ये आपला दिनार काढला, बहारीनने १९६५ मध्ये. मग ६ जून १९६६ ला इंदिरा गांधींच्या सरकारने रुपयाचे ३६.५ टक्के अवमूल्यन केले. डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला. दुबईच्या दुकानदाराच्या गल्ल्यात १००० रुपये असतील तर आदल्या दिवशी ते २१० डॉलर होते, दुसऱ्या दिवशी १३३. दिल्लीतील निर्णयाची शिक्षा त्याला का? कतार आणि अमिरातींनी लगोलग रुपया टाकला. ओमानने १९७० मध्ये.

सात वर्षांनी, १९७३ मध्ये, तेलाचा भाव भडकला. ज्या किनाऱ्याने आपला रुपया नाकारला होता, तेथे आपली माणसे रांगा लावून जाऊ लागली.

१२/
आता मागचे दार. समजा, १९८५ च्या सुमारास खेड तालुक्यातील एक गवंडी दुबईत आहे. त्याच्याकडे १०० डॉलर आहेत. बँकेचा दर साधारण १२ रुपये. शेजारच्या खोलीतला माणूस म्हणतो, मी १४ देतो, आणि परवा तुझ्या आईच्या हातात पैसे पडतील. आई फॉर्म भरणार नाही, बँक तालुक्याला आहे, पावसात होडी बंद. गवंडी काय करील?

हवालावाल्याला ते दोन रुपये कसे परवडत? त्या डॉलरांचे तो दुबईत सोने घेई, ते कोकणच्या खाडीत उतरे, मुंबईत चढ्या भावाने विकले जाई, आणि त्या रुपयांतून गवंड्याच्या आईला पैसे पोचत. गवंड्याचा डॉलर भारतात आलाच नाही. आले ते सोने.

१३/
सिनेमांनी या काळातले तस्कर अजरामर केले. माझ्या मते या गोष्टीचा खरा नायक सरकारी दर आहे. बांधलेला विनिमय दर आणि सोन्यावरील बंदी या दोन भिंतींमधल्या फटीतच तो सारा धंदा उगवला. हवाला गवंड्याने निर्माण केला नाही. त्याने केवळ दोन भाव पाहिले आणि जास्तीचा घेतला.

सरकारनेही आमिषे दाखविली. १९७५ पासून अनिवासी भारतीयांना परकीय चलनातच ठेव ठेवता येऊ लागली, आणि रुपया घसरला तर होणारे नुकसान रिझर्व्ह बँकेने सोसायचे, असे ठरले. १८९३ चा भत्ता आठवला ना? या वेळी लाभार्थी निदान आपले होते. पण ठेव म्हणजे पाठवणी नव्हे. आईला दिलेला पैसा परत मागता येत नाही. ठेव मागता येते.

१४/
२ ऑगस्ट १९९०. इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या.

कुवेती दिनार हे जगातील सर्वांत महाग चलनांपैकी एक. इराकने तो आधी आपल्या दिनाराच्या बरोबरीचा ठरविला, मग चलनातूनच काढला. वीस वर्षांची बचत काही आठवड्यांत कागद झाली. माणसे वाळवंटातून जॉर्डनला पोचली आणि अम्मान ते मुंबई अशा विमानांच्या फेऱ्या सुरू झाल्या. एक लाखाहून अधिक भारतीय असे परत आले. मुंबईत उतरणाऱ्यांत मल्याळी सर्वाधिक दिसत, पण रायगड-रत्नागिरीकडे जाणाऱ्या एसटीतही रिकाम्या हाताने परतलेले लोक बसले होते.

१५/
देशावर हा घाव तीन अंगांनी बसला. तेल महागले, म्हणजे डॉलरची गरज वाढली. कुवेत-इराकमधून घरी येणारा पैसा थांबला. आणि भारताची पत घसरताना पाहून अनिवासींनी ठेवी काढून घेण्यास सुरुवात केली. हा शेवटचा घाव सर्वांत खोल होता. अर्थात मूळ दुखणे जुने होते, सरकारी खर्चाचे आणि कर्जाचे. आखाताने ते उघडे पाडले.

मे १९९१ मध्ये २० टन सोने स्वित्झर्लंडला गेले. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेच्या मुंबईतील तिजोरीतून सुमारे ४७ टन सोने विमानाने लंडनला गेले आणि त्यावर सुमारे ४० कोटी डॉलरचे कर्ज मिळाले. ज्या शहराच्या किनाऱ्यावर तीस वर्षे सोने चोरून उतरत होते, तेथूनच ते उघडपणे बाहेर गेले.

१६/
१ आणि ३ जुलै १९९१ ला दोन टप्प्यांत रुपया उतरविण्यात आला. डॉलर सुमारे २१ वरून २६ च्या घरात गेला. मार्च १९९२ मध्ये दुहेरी दर आला : बाहेरून आलेल्या रकमेचा ४० टक्के भाग सरकारी दराने, ६० टक्के बाजारभावाने. वर्षभरात, मार्च १९९३ मध्ये, दोन्ही दर एक झाले आणि भाव बाजारावर सोपविला गेला. परतणाऱ्या भारतीयाला शुल्क भरून ५ किलो सोने आणण्याची मुभा मिळाली. १९९० मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा आधीच गेला होता.

दोन्ही भिंती पडल्या, फट मिटली. पुढचे आकडे पाहा. बँकांच्या मार्गाने नोंदलेली खासगी पाठवणी १९९०-९१ मध्ये सुमारे २ अब्ज डॉलर होती. १९९६-९७ मध्ये सुमारे १२ अब्ज. परदेशी गेलेली माणसे सहा वर्षांत सहापट झाली नव्हती. नवी माणसे गेली, कमाई वाढली, हे खरेच. पण मोठा वाटा मागच्या दारातून पुढच्या दारात आलेल्या पैशाचा होता. रुपया सोडला तर तो कोसळेल, अशी भीती होती. उलट काही वर्षे रुपया ३१ च्या आसपास स्थिर राहिला आणि रिझर्व्ह बँक डॉलर विकत घेऊ लागली.

१७/
येथे आंबेडकरांचा प्रश्न परत येतो. १९९१ मध्ये रुपया पडला तेव्हा भले कोणाचे झाले? दुबईहून १०० डॉलर मिळणाऱ्या घराचे झाले : २१०० चे २६०० रुपये. त्याच वाडीत ज्याचे कोणी परदेशी नव्हते, त्याला खत महाग झाले, आणि भाताच्या मजुरीने उडी मारली नाही. घसरण एकच, दोन उंबरठ्यांवर तिचे अर्थ दोन.

१८/
पैसा भरपूर येऊ लागला की त्याचेही एक दुखणे असते. १९५९ मध्ये नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेनला नैसर्गिक वायूचे प्रचंड साठे सापडले. वायूच्या कमाईने डच चलन बळावले आणि इतर डच कारखान्यांचा माल परदेशात महाग पडू लागला. ‘द इकॉनॉमिस्ट’ने १९७७ मध्ये त्याला ‘डच रोग’ असे नाव दिले. पाठवणीच्या पैशानेही हा रोग होतो.

त्यासाठी रुपया चढलाच पाहिजे असे नाही. दर हलला नाही तरी जांभ्याचे घर, गवंड्याची मजुरी, रस्त्याकडेची जमीन महागते, कारण या गोष्टी आयात करता येत नाहीत. महाग मजुरीत भात परवडत नाही, खाचर पडीक राहते. अर्थशास्त्रात याला वास्तव विनिमय दर चढणे म्हणतात. कोकणात ते दुमजली घराशेजारच्या गवत माजलेल्या खाचरात पाहायला मिळते.

१९/
आणि आता घाटावर, माणकडे. २००७ मध्ये वर्षारंभी ४४ च्या घरात असलेला डॉलर वर्षअखेरीस ३९ च्या घरात आला. १० लाख डॉलरच्या कंत्राटाचे ४ कोटी ४० लाख रुपये व्हायचे, ते ३ कोटी ९० लाखांवर आले; पगार मात्र रुपयांतच द्यायचे. हिंजवडीच्या चहाच्या टपऱ्यांवर तेव्हा रुपयाचा भाव हा क्रिकेटइतका चर्चेचा विषय होता.

हा सारा चढ पाठवणीमुळे नव्हता, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. परदेशी गुंतवणुकीचा लोंढा मोठा होता. पण गुंतवणूक येते तशी जाते. पाठवणी मात्र वर्षानुवर्षे तळाशी वाहत राहते आणि रुपयाला खालून आधार देते. दुबईतल्या गवंड्याचा डॉलर माणच्या अभियंत्याच्या डॉलरची किंमत थोडी उतरवितो, तो असा. रिझर्व्ह बँक मध्ये पडून डॉलर विकत घेते, त्यामुळे बाजारात रुपये वाढतात, ते शोषण्यासाठी रोखे काढावे लागतात. २००४ पासून त्याची स्वतंत्र योजनाच होती. त्या रोख्यांचे व्याज सरकार भरते, म्हणजे आपण सारेच.

२०/
२०२३-२४ मध्ये भारतात सुमारे ११९ अब्ज डॉलरची पाठवणी आली. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार त्यात महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, केरळच्याही थोडा पुढे. (मुंबईतील बँकांत जमा झालेला प्रत्येक रुपया मराठी घरात जातो असे यावरून समजू नये.) आणि सर्वांत मोठा वाटा आता आखातातील एका देशाचा नव्हे, अमेरिकेचा आहे : २७.७ टक्के. अमिरातींचा १९.२.

या बदलात माण आहे. तिसऱ्या टप्प्यातील तरुण येथे बसून काम करतो, तोवर त्याने मिळविलेला डॉलर ‘सॉफ्टवेअर निर्यात’ या रकान्यात पडतो. कंपनी त्याला न्यू जर्सीला धाडते. वर्ष उलटते, तो तिकडचा रहिवासी मोजला जातो, आणि आईच्या औषधांसाठी त्याने पाठविलेला डॉलर पुढच्या रकान्यात जाऊन बसतो. म्हसळ्याच्या गवंड्याने धाडलेल्या डॉलरच्या शेजारी.

🧵 धागा समाप्त. घरात जुनी ‘झेड’ची नोट, मनीऑर्डरीची पावती वा कुवेती दिनार असेल तर छायाचित्र जरूर टाका.